बैलाच्या दुधाचा दर

आमच्या लग्नानंतरचं पहिलं खणखणीत भांडण बरोबरच्या चिन्हावरून झालं, हे मी माहेरी कधीच सांगू शकले नाही. सांगितलं असतं तरी कुणाला कळलं नसतं. आईनं एवढंच विचारलं असतं, की मग चूक कुणाची होती? आणि चूक कुणाचीच नव्हती, हीच तर पंचाईत होती.

आम्ही दोघं एकाच कंपनीत, एकाच प्रोग्रॅमवर काम करतो. कंपनी पुण्यात आहे, लहानशीच. आम्ही मात्र राजुरीला, माझ्या सासरच्या घरी वरच्या खोलीत बसतो आणि अधूनमधून पुण्याला तोंड दाखवून येतो. प्रोग्रॅम आहे गावोगावच्या दूध डेअऱ्यांसाठी. सकाळी माणसं किटल्या घेऊन येतात, मशीन दुधाचं फॅट मोजतं, आमचा प्रोग्रॅम त्यावरून दर काढतो आणि पावती छापतो. तो ज्या भाषेत लिहिलाय तिला फंक्शनल भाषा म्हणतात. ती म्हणजे काय, हे सासूबाईंना समजावताना मी एकदा म्हटलं होतं, की आई, यात सगळी लहान लहान कामं असतात. एका बाजूनं काहीतरी द्यायचं, दुसऱ्या बाजूनं काहीतरी मिळतं, आणि मधल्यामधे कुणी गुपचूप काही बदलत नाही.

"मंग बरंय की," त्या म्हणाल्या, "आमच्या जुन्या डेअरीत हेच पायजे व्हतं."

तर माझ्या नवऱ्याला कोड मांडून लिहायची भारी हौस. सगळी बरोबरची चिन्हं एकाखाली एक, सगळे बाण एकाखाली एक, जणू दोरी लावून रोपं लावलीत. त्यासाठी तो स्पेसबार दाबत बसायचा. एखादं लांब नाव मधे आलं की वरच्या-खालच्या साऱ्या ओळी पुन्हा सरकवायचा, तेही न कुरकुरता. मला त्याचा वैताग यायचा, आणि त्याला कारण होतं. आमच्या कामात एकानं लिहिलेलं दुसऱ्यानं वाचून पास करावं लागतं, मगच ते पुढे जातं. नवरा-बायको म्हणून आम्हाला सूट नव्हती; उलट त्याचं मी आणि माझं त्यानं तपासायचं, असं ठरूनच गेलं होतं. त्यानं खरी एक ओळ बदललेली असायची, पण रांग सरळ ठेवायला बाकीच्या सरकवल्यामुळे मला पानभर बदल दिसायचे. त्यातून खरा बदल शोधताना माझे डोळे दुखायचे. मग मी शेरे मारायची. सासूबाईंसमोर मी त्याला "अहो" म्हणते, पण शेऱ्यांमध्ये "तू" असायचं आणि त्या "तू"ला चांगली धार असायची. तोही माझ्या कोडला सोडायचा नाही. तू लिहितेस की पोत्यातून ओततेस, असं त्यानं एकदा लिहिलं होतं आणि ते पुण्यातल्या सगळ्यांनी वाचलं होतं.

शेवटी कंपनीनंच आमच्यामध्ये फॉरमॅटर नावाचं सॉफ्टवेअर आणून बसवलं. तुम्ही कसंही लिहा, फाईल सेव्ह केली की हा गडी सगळं आपल्या पद्धतीनं मांडतो. ओळ कुठे मोडायची, जागा किती सोडायची, कंस कुठे बंद करायचा, सगळं तोच ठरवतो. त्याच्याशी हुज्जत घालायला जागा नाही, कारण त्याला सेटिंगच नाहीत. सेव्ह केल्यावर ओळी एकदम हलतात आणि जागच्या जागी जाऊन बसतात. मला पहिल्या दिवसापासून तो आवडला. नवऱ्याची सगळी रोपं त्यानं एका फटक्यात उपटून टाकली, तेव्हा तर फारच.

नवरा मात्र रुसला. "म्हणजे आता सगळ्या गावानं एकाच रंगाचं घर बांधायचं," तो म्हणाला. "कोण लिहितंय ते कळायला नको का?" तो आपल्या मशीनवर फॉरमॅटर बंद ठेवायचा, स्वतःच्या मांडणीत लिहायचा आणि काम पाठवायच्या अगदी शेवटी, नाइलाज म्हणून, एकदा चालवायचा. मला वाटायचं, काय हा हट्ट! पण त्याच्या खांद्यावरून डोकावून ती सरळ रांग पाहिली की त्याचं कौतुकही वाटायचं, हे मी त्याला कधी कळू दिलं नाही.

उसाचा हंगाम चालू होता. नवरा मंचरहून मोटरसायकलवर परत येत होता. कळंबच्या अलीकडे कुठल्या तरी ट्रॉलीतून पडलेला ऊस रस्त्यावर पसरला होता, वरून गाड्या जाऊन जाऊन त्याचा चोथा झालेला. चाक त्यावर गेलं आणि गाडी सरकली. डोकं हेल्मेटमुळे वाचलं, पाय वाचले, पण उजवा हात गाडीखाली आला. ऑपरेशन झालं, प्लेट बसली, हाड जुळलं. नस मात्र जुळेना. बोटं जेमतेम हलायची, मिटायची नाहीत. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल. किती, ते त्यांनी सांगितलं नाही आणि विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मग भेटायला येणारी माणसं सुरू झाली. पिंपळवंडीचे पाहुणे, जुन्नरहून माझ्या माहेरचे, शेजारचे, डेअरीवरचे. प्रत्येकाच्या हातात बिस्किटांचा पुडा आणि तोंडात एकच वाक्य. "राव, तुमी आता निस्ता आराम करा. काम काय कुठं पळून जातंय व्हय?" तो हसून मान हलवायचा. आईनं भाकरी कुस्करून द्यायची, मी शर्टाची बटणं लावायची, पुतण्यानं बूट आणून पुढ्यात ठेवायचे. त्याला काही म्हणून करू द्यायचं नाही, असा जणू घराचा ठरावच झाला होता. प्रेमानंच चाललं होतं सगळं. पण तो दिवसेंदिवस गप्प होत चालला होता, आणि मला वाटत होतं की ते दुखण्यामुळे असेल.

प्लास्टर निघाल्यावर तो पुन्हा वर कामाला बसला, डाव्या हातानं. पहिले काही दिवस मला तिकडे बघवत नव्हतं. ज्यानं एका बाणासाठी आठ वेळा स्पेसबार दाबावा, तो आता एकेक अक्षर शोधत होता. मोकळी जागा नाही, नवी ओळ नाही. सगळं एकाला एक चिकटून, लांबच्या लांब, वाचवत नाही असं. मग एके दिवशी त्यानं स्वतःच फॉरमॅटर चालू केला. मी चहा घेऊन वर गेले होते. ती सलग ओळ पडद्यावर पसरली होती. त्यानं डाव्या हाताच्या दोन बोटांनी सेव्ह केलं आणि काहीच हललं नाही. या फॉरमॅटरचं तसं आहे. एखादा कंस राहिला, कुठे काही तुटलं असेल, तर तो हातच लावत नाही. नवरा चूक शोधत बसला. मला चूक दिसली होती, पण मी ओठ दाबून उभी राहिले. त्याला सापडली, त्यानं कंस टाकला, सेव्ह केलं. सगळ्या ओळी एकदम हलल्या आणि खालीवर आपापल्या जागी गेल्या.

"बसलं!" तो म्हणाला.

दोन्ही हातांनी लिहिलेलं जसं दिसायचं तसंच ते दिसत होतं, माझ्या कोडसारखं, पुण्यातल्या कुणाच्याही कोडसारखं. कुठल्या हातानं लिहिलंय ते त्यात कुठेच दिसत नव्हतं. ज्या फॉरमॅटरला तो शिव्या घालायचा, त्याला मी मनातल्या मनात नमस्कार केला. त्या दिवसापासून खाली स्वयंपाक करताना माझा एक कान वर असायचा. मधूनच "बसलं" असं ऐकू आलं की मला पोळी लाटताना हसू यायचं. सासूबाई विचारायच्या, "काय बसलं गं त्याचं?" मी म्हणायची, काम बसलं, आई.

आणि त्याचं काम आलं की मी पास करायची. छान. मस्त जमलंय. पास. आधी वाचत होते. मग चाळत होते. मग नुसती नजर टाकत होते, कारण दिसायला सगळं इतकं नीट असायचं. कडक इस्त्रीचे कपडे घालून आलेल्या माणसाला आंघोळ केलीस का, असं कुणी विचारतं का? तसंच ते. शिवाय खरं कारण वेगळंच होतं. त्या कोडमागचा हात मला दिसत होता, आणि त्यात खोट काढायची मला भीती वाटत होती. पुण्याची मंडळीही तशीच वागत होती. त्याच्या नावानं आलेल्या प्रत्येक कामाखाली फुलं, टाळ्या आणि हसरे चेहरे.

एका सकाळी आम्ही अंगणात चहा पीत होतो. सासूबाई नुकत्याच डेअरीवरून रिकामी किटली घेऊन आल्या होत्या. नवऱ्यानं बशीत चहा ओतला आणि अगदी सहज विचारलं, "आई, बैलाचं दूध आजकाल काय भावानं जातंय?"

"येडा झाला का काय?" सासूबाई म्हणाल्या. "बैल दूध देतो व्हय?"

"देतो की. फॅट बी लई चांगलं लागतं. हिला विचार, हिनंच पास केलंय."

सासूबाई हसायला लागल्या. मीही हसले. मग त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि माझं हसू तिथेच थांबलं, कारण तो हसत नव्हता.

मी चहा तसाच टाकून वर गेले आणि आदल्या दिवशी पास केलेलं काम उघडलं. आमच्या प्रोग्रॅममध्ये दूध देणाऱ्या जनावरांचे दोनच प्रकार आहेत, गाय आणि म्हैस. त्याखाली त्यानं तिसरा प्रकार घातला होता, बैल. या भाषेची खोड अशी, की नवा प्रकार आणला तर जिथे जिथे गाय-म्हशीचा विचार केलाय तिथे तिथे त्याचाही विचार करावा लागतो, नाहीतर प्रोग्रॅम तयारच होत नाही. म्हणून त्यानं सगळीकडे बैलाची सोय केली होती. बैलाच्या दुधाचा दर ठरवला होता, फॅटची मर्यादा घातली होती, पावतीवर बैलासाठी जागा ठेवली होती. एका हातानं, एकेक अक्षर शोधून. आणि फॉरमॅटरनं आपलं काम चोख केलं होतं. गाय, म्हैस, बैल एका रांगेत, सारख्या अंतरानं उभे होते. खाली माझा शेरा होता: छान झालंय, पास.

नशीब, पास झालेलं पुढे ढकलायचं बटण त्याच्याकडेच असतं आणि त्यानं ते दाबलं नव्हतं. नाहीतर त्या दिवशी तालुक्यातल्या डेअऱ्यांवर काय तमाशा झाला असता!

तो माझ्या मागोमाग वर आला होता. दारातच उभा राहिला.

"हे मुद्दाम केलंस?" मी विचारलं.

"हो. कधीपासून शंका येत होती."

"मग सरळ विचारायचं ना."

"काय विचारू? वाचतेस का म्हणून? तू हो म्हणाली असतीस." तो खुर्चीवर बसला. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे मला जास्तच लागत होता. "हात गेला तेव्हा मला एवढं वाईट वाटलं नव्हतं. माझ्या एकेका ओळीला तू नावं ठेवायचीस. आता मी काहीही लिहिलं तरी छान. बैल लिहिला तरी छान. म्हणजे मी कामातून गेलोच की. मग ते पाहुणे म्हणतात तसा आरामच करतो ना."

मी रडले. रडतच त्याला सांगितलं, की तू एकेक अक्षर शोधताना मी बघते, आणि त्यावर पुन्हा बोट ठेवायचं माझ्या जिवावर येतं. मला तुझी फार दया येते, असंही बोलून गेले. तो शब्द मला परत घ्यावासा वाटला, पण निघून गेला होता.

"दया घरात कर," तो म्हणाला. "भाकरी कुस्करून दे, बटणं लाव, मी काही म्हणणार नाही. पण तिथे नको. बैल काढून सकाळीच पुन्हा पाठवलंय. बाकीचं काम खरं आहे. वाच."

तो खाली गेला आणि मी वाचायला बसले. पडद्यावर बोट ठेवून, पहिली-दुसरीत वाचतात तसं. मांडणीकडे बघायचंच नाही, अर्थाकडे बघायचं, असं स्वतःला बजावत. काम चांगलं होतं, खरोखरच चांगलं. त्यानं दर काढायचा जुना गुंता सोडवून त्याची लहान लहान फंक्शनं केली होती, आणि एक ठिकाण तर असं होतं की तिथे मला सुचलं नसतं असं त्याला सुचलं होतं. मला अभिमान वाटला, आणि आपण इतके दिवस हे न वाचताच छान म्हणत होतो याची लाज वाटली.

मग ती जागा आली. फॅट मोजणाऱ्या मशीनकडून कधी कधी आकडाच येत नाही. वायर ढिली होते, वीज जाते. या भाषेत आकडा असेल किंवा नसेल, हे दोन्ही वेगळं सांगावं लागतं. त्यानं लिहिलं होतं: आकडा नसेल तर शून्य धरा. एवढुसा शब्द, दोन सुबक ओळींच्या मधे, व्यवस्थित जागा सोडून. आणि शून्य धरलं की एखाद्या बाईच्या चांगल्या म्हशीच्या दुधाला सगळ्यात खालचा दर लागणार, पावतीही छापून येणार, आणि चूक मशीनची होती हे तिला कळणारसुद्धा नाही.

माझं बोट तिथेच थांबलं. नवऱ्यानं यावर किती दिवस घालवले होते ते मला माहीत होतं. शेरा लिहिला, पुसला, मऊ करून लिहिला, तोही पुसला. शेवटी पूर्वी लिहायची तसा लिहिला. "आकडा नसणं म्हणजे शून्य असणं नव्हे. तुझ्या या ओळीमुळे वायर ढिली असली की शेतकरी बुडणार. असला आळशीपणा तू याआधी कधी केला नव्हतास. पास करणार नाही. परत पाठवतेय." बटण दाबलं. मी खाली पळाले.

सासूबाई घराबाहेरच्या ओट्यावर मेथी निवडत होत्या. मी त्यांच्याशेजारी बसून एक जुडी ओढली. नवरा आत मोबाईलवर वाचत होता, हे मला पाठमोरी असूनही कळत होतं. मग चपला फटफटल्या आणि तो ओट्यावर येऊन माझ्यासमोर उभा राहिला.

"आळशीपणा?" तो म्हणाला. "आळशीपणा म्हणतेस तू याला?"

"मग काय म्हणू? शून्य काय धरलंस?"

"अगं, मग काय पावती थांबवू? सकाळच्या वेळी? मागं रांग लागलेली असते!"

"रांग लागू दे. खोटी पावती देण्यापेक्षा बरी."

सासूबाईंनी मेथीतून मान वर केली. काय झालंय ते त्यांना कळायला एक क्षण लागला. "काय गं, त्याचं काम तू माघारी धाडलं? त्याचा हात असा, आन तू..."

"आई, तू मधी पडू नको," तो म्हणाला. "हिला डेअरीवरची गर्दीच माहीत न्हाई. हे बघ." तो माझ्यासमोर उकिडवा बसला. "इथं मशीन हाय. इथं डेअरीचा सेक्रेटरी बसलाय. आन इथून पार त्या गोठ्यापर्यंत माणसं उभी. एकाची पावती अडली की सगळे अडले!"

दवाखान्यातून घरी आल्यापासून तो उजवा हात कुणासमोर काढत नसे. टॉवेलखाली, खिशात, नाहीतर मांडीखाली. मलासुद्धा तो नीट बघू देत नसे. मलम लावतानाही तोंड फिरवायचा. आता तो हात बाहेर आला होता. डाव्या हातानं मशीन दाखवत होता आणि उजव्यानं रांग, गोठ्यापर्यंतची. लांब टाक्यांची खूण उन्हात स्पष्ट दिसत होती. बोटं अर्धवट वाकलेली होती, ती तशीच माझ्या तोंडासमोर नाचत होती, आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता.

सासूबाईंना दिसलं. त्यांच्या हातातली काडी तशीच राहिली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी डोळ्यांनीच त्यांना म्हटलं की बोलू नका.

"दूध घे ना मग," मी त्याच्यावर ओरडले. "दूध घे, दर बाकी ठेव. रांग कशाला अडते?"

"आन बाई विचारील, माझी पावती कुठंय?"

"विचारू दे!"

"तुला विचारणार न्हाई, सेक्रेटरीला विचारणार!" आणि त्यानं तो हात जमिनीवर आपटला. आपटल्यावर कळवळला, झटकला, आणि पुन्हा माझ्या तोंडासमोर नाचवत बोलायला लागला.

मीही भांडत राहिले, कारण त्याचं म्हणणं अजूनही चूकच होतं.